टोमॅटो कुठून आला?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावर आजवर अर्थकारण झाले, शेती झाली, संतसाहित्य तर अनेकदा झाले. चित्र मात्र राहून गेले, असे विश्वस्तांनी फोनवर सांगितले आणि वर ‘पण फार तांत्रिक नको’ अशी अटही घातली. तेव्हा आज एकच चित्र घेऊन बसू. ते मागे पडद्यावर आहेच. सभागृहातले दिवे जरा मंद केले तर बरे होईल.

आधी जे दिसते ते सांगतो. चित्रातली प्रतीके शोधायची घाई झाली की समोर दिसणारे बघायचे राहून जाते. सहाएक वर्षांची एक काळी मुलगी उजवीकडून डावीकडे चालली आहे. पांढरा फ्रॉक, पांढरे मोजे, पांढरे बूट, केसांत पांढरी रिबीन. हातात वही, पट्टी, पेन्सिली. तिच्या पुढे दोन आणि मागे दोन असे चार उंच पुरुष आहेत, सुटातले, दंडावर पिवळ्या पट्ट्या बांधलेले. आपण अमेरिकी सरकारचे डेप्युटी मार्शल आहोत असे त्या पट्ट्या सांगतात. पुढच्या दोघांपैकी एकाच्या कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद डोकावतो आहे. या चौघांना डोकी नाहीत. म्हणजे असणारच, पण चित्राची वरची कड त्यांच्या खांद्यांपाशी येऊन थांबली आहे. पाठीमागे काँक्रीटची कळकट भिंत. काळ्या माणसांसाठी अमेरिकेत वापरली जाणारी सर्वांत घाणेरडी शिवी त्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत खरडलेली आहे, मुलीच्या डोक्याच्या वरच्या बाजूला. डावीकडे कु क्लक्स क्लान या काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्या संघटनेची तीन आद्याक्षरे. आणि मुलीच्या मागे भिंतीवर एक टोमॅटो फुटला आहे. त्याचा रस खाली ओघळला आहे, चोथा फुटपाथवर पडला आहे.

चित्रकार नॉर्मन रॉकवेल. मूळ तैलचित्र तीन फूट उंच आणि जवळजवळ पाच फूट रुंद आहे. १४ जानेवारी १९६४ च्या अंकात ‘लुक’ या अमेरिकी पाक्षिकाने ते मधल्या दोन पानांवर आडवे छापले. शीर्षक मराठीत सांगायचे तर, ‘आपण सगळे ज्या प्रश्नासह जगतो आहोत तो प्रश्न’.

चित्रातल्या मुलीमागची खरी मुलगी म्हणजे रूबी ब्रिजेस. तिचा जन्म सप्टेंबर १९५४ चा, मिसिसिपी राज्यातला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात निकाल दिला होता की काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा चालवणे राज्यघटनेत बसत नाही. निकाल लागला खरा. अंमलबजावणीचे काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रूबीचे शहर न्यू ऑर्लीन्स ज्या लुइझियाना राज्यात येते, त्याच्या विधिमंडळाने तो टाळण्यासाठी कायद्यांवर कायदे केले आणि जे. स्केली राइट नावाचा न्यू ऑर्लीन्सचाच एक केंद्रीय न्यायाधीश ते एकामागून एक रद्द करत गेला. शाळांनी बालवाडीतल्या काळ्या मुलांची परीक्षा घेतली. ती परीक्षा मुले नापास व्हावीत म्हणूनच होती, असे बहुतेकांचे मत. सहा मुले उत्तीर्ण झाली. दोघांच्या घरच्यांनी माघार घेतली, तिघी दुसऱ्या एका शाळेत गेल्या, आणि विल्यम फ्रांट्झ प्राथमिक शाळेच्या वाट्याला आली एकटी रूबी.

सोमवार, १४ नोव्हेंबर १९६०. फाटकाबाहेर जमाव, त्यात बायकाच जास्त. रूबीने पुढे सांगितले आहे की तो गलका ऐकून तिला वाटले, हा मार्डी ग्रा असणार. मार्डी ग्रा म्हणजे न्यू ऑर्लीन्सचा रंगीबेरंगी मिरवणुकांचा सण. त्या दिवशी ती वर्गात गेलीच नाही. मुख्याध्यापकांच्या कचेरीत बसून खिडकीतून बघत राहिली, कारण गोरे पालक भराभरा येऊन आपापली मुले घरी नेत होते. पुढे वर्षभर तिच्या वर्गात ती एकटीच विद्यार्थिनी होती. शिकवायला बार्बरा हेन्री नावाच्या बाई होत्या, बॉस्टनहून आलेल्या. तुला विष घालीन, अशी धमकी एक बाई रोज द्यायची, म्हणून रूबीने घरून आणलेलेच खायचे असे ठरले. वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीत आजी-आजोबा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत होते, तिथून त्यांना काढण्यात आले. हा सगळा तपशील या चित्रात नाही. तो माहीत असायला हवा, पण चित्र वाचायला बसलो की बाजूला ठेवायला हवा. एरवी आपण चित्र पाहत नाही, चित्राला टेकून इतिहास सांगत बसतो.

आता प्रतीके. हे चित्र अमेरिकेतल्या शाळांमध्ये धड्यासारखे शिकवले जाते, आणि तिथेही आपल्यासारखीच उत्तरपत्रिकेची सवय आहे. पांढरा रंग म्हणजे निरागसता. लाल म्हणजे रक्त. चार मार्शल म्हणजे राज्यसंस्थेच्या चार भिंती. पिवळा म्हणजे धोक्याची सूचना. असा रंगांचा कोश हातात आला की चित्र पाच मिनिटांत सुटते आणि मग त्याच्याकडे पुन्हा बघायची गरज उरत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. पिवळ्या पट्ट्या मार्शल खरोखरच बांधत. चार मार्शल खरोखरच असायचे. वस्तुस्थितीला प्रतीकाचा मुलामा चढवून काही हाती लागत नाही. आणि पांढऱ्याचे म्हणाल, तर आपल्याकडे सरस्वतीही पांढऱ्या वस्त्रात आणि विधवाही. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, तो शेजारच्या गोष्टींकडून घेतो.

मला त्या फ्रॉकमध्ये वेगळे काही दिसते. लेखक जॉन स्टाइनबेक त्याच हिवाळ्यात आपल्या कुत्र्यासह अमेरिका फिरत न्यू ऑर्लीन्सला पोहोचला आणि त्या फाटकासमोर उभा राहिला. १९६२ मध्ये निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या प्रसंगावर काही पाने आहेत, आणि रॉकवेलला चित्राची कल्पना तिथून सुचली असावी असे मानले जाते. स्टाइनबेकच्या नजरेने टिपला तो कडक खळ घातलेला पांढराशुभ्र पोशाख आणि कोरे बूट. आता विचार करा, खळ कोणी घातली? इस्त्री कोणी फिरवली? रूबीची आई ल्युसील पहिल्या दिवशी मुलीबरोबर शाळेत आली होती. मुलीला या शाळेत घालायचा हट्टही तिचाच, वडील बिचकत होते. रॉकवेलने तिला चित्रातून वगळले. पण फ्रॉकच्या कडक घड्यांत, ताणून बसवलेल्या रिबिनीत, एकही डाग नसलेल्या बुटांत त्या घरातली पहाट आहे. काळ्या मुलीला गोऱ्या शाळेत पाठवताना तिच्यात बोट ठेवायला जागा उरू नये म्हणून एका बाईने केलेले काम आहे ते. निरागसता हा शब्द इथे मला फारच स्वस्त वाटतो.

रॉकवेलने आई वगळली हे सांगितले, पण ती यादी मोठी आहे. शाळेची इमारत नाही. रस्ता, झाडे, आकाश यांपैकी काही नाही. वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत रूबी पायऱ्या उतरताना दिसते आणि तिच्या हातात दप्तर असते. रॉकवेलने पायऱ्या काढून सपाट फुटपाथ घेतला, दप्तर काढून वही आणि पट्टी उघडी हातात दिली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या गोष्टीसाठी न्यू ऑर्लीन्स त्या आठवड्यात जगभर गाजले, तो जमावच चित्रात नाही. एकही आरडाओरडा करणारा चेहरा नाही. ताबूत घेऊन येणाऱ्या बायका नाहीत. ताबूत हा शब्द मी उगाच वापरत नाही. छोट्या शवपेटीत काळी बाहुली ठेवून ती पेटी रूबीसमोर नाचवली जायची, आणि आपल्याला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली, असे रूबीने नंतर सांगितले. १९५४ च्या निकालात केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगांचा आधार होता. काळी मुलेसुद्धा गोऱ्या बाहुलीला चांगली म्हणतात, हे त्यांनी दाखवले होते. न्यायालयात बाहुली पुरावा होती, सहा वर्षांनी रस्त्यावर ती धमकी झाली. इतके जळजळीत चित्रविषय समोर असताना रॉकवेलने शवपेटी घेतली नाही. घेतला टोमॅटो.

हा रॉकवेल कोण, ते थोडे सांगायला हवे, नाहीतर या वगळण्याची किंमत कळणार नाही. अमेरिकेतला तो सर्वांत लोकप्रिय चित्रकार, आणि म्हणूनच कलासमीक्षकांनी नाक मुरडलेला. १९१६ पासून १९६३ पर्यंत, ४७ वर्षे, त्याने ‘सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाची तीनशेहून अधिक मुखपृष्ठे केली. न्हाव्याचे दुकान, बेसबॉलचा सामना, सणाच्या जेवणाचे टेबल. या सगळ्या चित्रांत गोष्ट सांगायचे त्याचे एकच साधन होते, चेहरे. उंचावलेली भुवई, दाबलेले हसू, फुगलेले गाल. त्याच्या चित्रात दहा माणसे असली तर दहा गोष्टी असत. आणि ‘पोस्ट’मध्ये काळी माणसे दाखवायची तर नोकरांच्या भूमिकेतच, असा तिथल्या संपादकाने सुरुवातीच्या काळात दंडक घालून दिला होता, हे रॉकवेलनेच पुढे सांगितले आहे. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याने ‘पोस्ट’ सोडले आणि ‘लुक’साठी जे पहिले मोठे चित्र केले ते हे. चेहऱ्यांच्या या उस्तादाने इथे पाचांपैकी चार चेहरे कापून टाकले. उरलेल्या एका चेहऱ्यावर त्याने आपले नेहमीचे कसब वापरले नाही. मुलगी रडत नाही, घाबरलेली नाही, शूरही दिसत नाही. ती समोर बघते आहे. तिला नेणाऱ्यांपैकी चार्ल्स बर्क्स नावाच्या मार्शलने पुढे आठवण सांगितली की ती कधी रडली नाही, छोट्या शिपायासारखी चालायची. चित्रातली चाल तशीच आहे.

डोकी का कापली, याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक असे की कायद्याला चेहरा नसतो. हे मार्शल कुणी दयाळू काका नाहीत. त्यांच्या मनात रूबीबद्दल काय आहे याला किंमत नाही. त्यांना आणणारी गोष्ट आहे खिशातला तो कागद, न्यायालयाचा हुकूम. रॉकवेलच्या आधीच्या जगात भली माणसे चांगल्या गोष्टी करत, इथे हुकूम चांगली गोष्ट करतो, माणूस कसाही असो. हे उत्तर मला पटते. दुसरे उत्तर असे की चित्राची चौकट मुलीच्या उंचीची आहे. सहा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसांचे जग असेच दिसते, कमरा, मुठी, कोटाचे खिसे. हेही पटते, पण इथे एक अडचण आहे, आणि माझे आजचे सांगणे त्या अडचणीपाशीच आहे.

आपण चित्र रूबीच्या डोळ्यांनी बघत नाही. आपण तिला बघतो आहोत, बाजूने, रस्त्याच्या पलीकडून. न्यू ऑर्लीन्समध्ये रस्त्याच्या पलीकडे कोण होते? जमाव होता. म्हणजे जमाव चित्रातून गायब झालेला नाही, तो चित्राच्या अलीकडे आला आहे. टोमॅटो भिंतीवर फुटला आहे, म्हणजे तो आपल्या बाजूनेच गेला. फेकणारा हात चित्रात शोधून सापडणार नाही, तो ‘लुक’चा अंक धरणाऱ्या हाताच्या आसपास कुठेतरी आहे. शीर्षकात ‘आपण सगळे’ आहे ते यासाठी. इथवर अनेक समीक्षक आले आहेत, यात माझे काही नाही.

आता उंचीचा मुद्दा जोडा. उभ्या माणसाने रस्त्यापलीकडून पाहिले असते तर त्याला मार्शलांची डोकी दिसली असती. चित्रातली नजर रूबीच्या नजरेच्या पातळीवर आहे. जमावात त्या उंचीचे कोण उभे असेल? आईचे बोट धरून आलेले, शाळेतून काढून आणलेले एखादे गोरे मूल. माझ्या मते रॉकवेल प्रेक्षकाला ज्या जागेवर उभे करतो ती त्या मुलाची जागा आहे. टोमॅटो त्याने फेकलेला नाही, तो त्याच्या डोक्यावरून गेला आहे. भिंतीवरची शिवी त्याने लिहिलेली नाही, पण नुकतेच वाचायला शिकलेले ते मूल ती अक्षर अक्षर जुळवत वाचते आहे. समोरून त्याच्याच वयाची मुलगी त्याच्याच शाळेत चालली आहे, आणि ते मात्र बाहेर आहे. चित्रकाराने असे कुठे लिहून ठेवले आहे असा माझा दावा नाही. पण चौकटीचे गणित मला तिकडेच नेते, आणि या वाचनात शीर्षक अधिक टोचते. ‘लुक’च्या लाखो प्रौढ वाचकांना त्याने गुन्हेगार म्हणून हिणवले असते तर त्यांनी पान उलटले असते. त्याने त्यांना लहान केले, ते शिकत असतानाच्या वयात नेऊन उभे केले.

पत्रे आलीच. शाबासकीची आणि शिव्यांची, दोन्ही. रॉकवेलसारख्या आपल्या माणसाने असे करावे याचा काहींना धक्का बसला.

आता टोमॅटोकडे परत. तो चित्रातला एकमेव ठसठशीत लाल. त्याला रक्त म्हणणे सोपे आहे, आणि रॉकवेललाही ते हवे असावे. ओघळ त्याने तसेच काढले आहेत. पण टोमॅटो हा टोमॅटोच असण्यात जास्त भीषण काही आहे. घरातल्या टोपलीतून उचलून आणलेली वस्तू. बंदूक आणणाऱ्या माणसाला आपण वेगळा काढू शकतो, वेडा म्हणू शकतो. टोमॅटो आणणारी बाई सकाळी घरातून निघताना स्वयंपाकघरात गेली, निवडून एक घेतला, पिशवीत टाकला. रूबीच्या आईने ज्या पहाटे इस्त्री फिरवली, त्याच पहाटे.

याच ठिकाणी मला आपल्याकडचे काही बोलावेसे वाटते, आणि ते ओढूनताणून नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, काळ्यांना गुलामीतून मुक्त करण्यासाठी त्यांनी जे केले त्याबद्दल. रूबीच्या फाटकासमोरचा प्रसंग त्या अर्पणपत्रिकेनंतर सत्त्याऐंशी वर्षांचा. आपली शाळेची फाटकेही कमी नव्हती. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मुंबई सरकारने प्रवेश नाकारला. तात्त्विक न्याय मुलाच्या बाजूने असल्याचे त्या सरकारने नाकारले नाही, पण एकासाठी बाकीची मुले शाळा सोडून जातील ही भीती त्याला मोठी वाटली. डॉ. आंबेडकरांनी या प्रकरणाकडे आपल्या लिखाणात लक्ष वेधले आहे. विल्यम फ्रांट्झमध्ये तसेच घडले, बाकीची बहुतेक मुले खरोखरच गेली. फरक एवढाच की न्यायाधीश राइट यांनी वर्ग रिकामा होऊ दिला आणि हुकूम मागे घेतला नाही.

आणि सावित्रीबाई. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल झेलणाऱ्या सावित्रीबाईंची चित्रे आपण कॅलेंडरांवर, शाळांच्या भिंतींवर, रांगोळ्यांत शेकडो वेळा पाहिली. त्या चित्रांत शेण फेकणारे नेहमी समोर दिसतात, शेंडीवाले, डोळे वटारलेले, एका कोपऱ्यात कोंबलेले. बघणारा सुरक्षित असतो, कारण दोष चित्राच्या आत राहतो. या चित्रकारांना मी नावे ठेवत नाही. आदरापोटी काढलेली चित्रे आहेत ती. पण शेण ज्या बाजूने आले त्या बाजूला प्रेक्षकाला उभे करणारे सावित्रीबाईंचे चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही. आपल्या तरुण चित्रकारांपैकी कोणी ते काढावे.

रॉकवेलच्या चित्रावर आक्षेपही आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की चित्रात कर्तेपणा सगळा गोऱ्या पुरुषांचा. ते चालवतात, ती चालते. तिचे आईवडील, खटला लढवणाऱ्या संघटना, न्यू ऑर्लीन्सचा काळा समाज, कोणी नाही. या आक्षेपातले बरेच मला मान्य आहे. इस्त्रीतून आई दिसते असे मी म्हणालो खरे, पण ते मी शोधून काढले. रॉकवेलने आई रंगवली असती तर शोधावे लागले नसते.

दुसरा आक्षेप चित्राच्या आधीचा आहे आणि तो सगळ्या प्रकरणालाच आहे. १९५९ मध्ये हॅना आरेन्ट या विचारवंत बाईंनी ‘डिसेन्ट’ नियतकालिकात लिटल रॉक या शहरातल्या गोऱ्यांच्या शाळेत काळी मुले पाठवण्यावर निबंध लिहिला. वर्तमानपत्रात पाहिलेल्या एका छायाचित्रापासून त्यांनी सुरुवात केली, जमावाने छळलेल्या काळ्या मुलीच्या. मोठ्यांची लढाई मुलांच्या खांद्यावर का टाकता, असा त्यांचा सवाल होता. आरेन्ट स्वतः नाझी जर्मनीतून निसटलेल्या ज्यू, तेव्हा त्यांना अपमान माहीत नव्हता असे म्हणता येणार नाही. त्यांना उत्तर दिले राल्फ एलिसन या काळ्या कादंबरीकाराने. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की या आईबापांच्या मनात काय चालते याची आरेन्टबाईंना कल्पना नाही. काळ्या मुलाला या भीतीला कधी ना कधी तोंड द्यायचेच आहे; आईबाप ते टाळू शकत नाहीत, त्याला त्यासाठी तयार करू शकतात. आरेन्ट यांनी पुढे एलिसनला पत्र लिहून त्याचे म्हणणे मान्य केले. रॉकवेलचे चित्र या वादात कोणत्या बाजूला आहे? मला वाटते, एलिसनच्या. चित्रातल्या मुलीची पाठ ताठ आहे. पण तिच्या मुठीकडे बघा, वही घट्ट धरलेली आहे. उत्तर इतके सोपे नाही हे चित्रकारालाही कळत होते.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, पण मला ती या चित्रापेक्षाही महत्त्वाची वाटते. रूबीच्या त्या शाळेतल्या पहिल्या वर्षी रॉबर्ट कोल्स नावाचा तरुण बालमानसोपचारतज्ज्ञ रूबीला नियमित भेटत असे. शाळेत जाताना मुलगी जमावाशी ओठ हलवून काही बोलते असे हेन्रीबाईंनी खिडकीतून पाहिले होते. कोल्सने विचारले तेव्हा कळले, ती त्या माणसांसाठी देवाची प्रार्थना करत होती. ही हकिकत बरीच सांगितली जाते, अमेरिकी लोकांना ती फार आवडते, आणि का आवडते हेही उघड आहे. कमी सांगितली जाते ती चित्रांची हकिकत. कोल्स तिला कागद आणि रंगखडू द्यायचा. रूबी गोरी माणसे मोठी, जिवंत, नीट बोटे मोजून काढायची. काळी माणसे लहान काढायची, स्वतःलासुद्धा. त्यांत कधी बोट कमी, कधी कान नाही. काळा आणि तपकिरी खडू ती बरेच महिने जमीन रंगवण्यापुरताच वापरायची, तोही वरून हिरव्या गवताने झाकून. कोल्सने हे सगळे १९६७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे.

हे दोन कागद शेजारी ठेवा. एका कागदावर सत्तरीच्या गोऱ्या माणसाने काळी मुलगी पूर्ण काढली, बुटाच्या बंदापर्यंत, आणि गोऱ्यांची डोकी उडवली. दुसऱ्यावर त्याच मुलीने गोरे पूर्ण काढले आणि स्वतःला अपुरे. ‘लुक’च्या वाचकांना आपल्याबद्दल काय दाखवायचे हे रॉकवेलला कळले होते. त्या फाटकाने मुलीच्या आत काय केले हे त्याच्या चित्रात येऊ शकत नव्हते, कारण तो रस्त्याच्या पलीकडून काढत होता. प्रतीकांचा अर्थ लावताना चित्र कोणी, कुठून काढले हे विचारायचे ते यासाठी. रॉकवेलची मर्यादा आणि त्याचे सामर्थ्य एकाच जागेवर आहे. तो पलीकडे उभा आहे, आणि पलीकडे उभा असल्याचे लपवत नाही.

रूबीला हे चित्र असल्याचे मोठी होईपर्यंत माहीत नव्हते. २०११ च्या उन्हाळ्यात ते काही महिने व्हाइट हाउसमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर टांगले गेले. जुलैमध्ये ती आणि बराक ओबामा त्याच्यासमोर उभे असतानाचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. तुम्ही शाळेत गेला नसतात तर मी कदाचित इथे नसतो, अशा आशयाचे काहीसे ओबामा तिला म्हणाले. शाळेच्या पुस्तकात छापण्याजोगा प्रसंग आहे. मला मात्र त्या दिवशी भिंतीवरची ती शिवी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीबाहेर मोठ्या अक्षरांत लटकत होती याचे अधिक नवल वाटते. ती झाकून चित्र लावता आले नसते.

‘आपण सगळे’ या शब्दांतला सगळ्यांचा हिशेबही सांगून टाकतो. रॉकवेल राहायचा उत्तरेत, मॅसाच्युसेट्स राज्यातल्या स्टॉकब्रिज या छोट्या गावात. चित्रासाठी उभी राहिलेली मुलगी तिथलीच, शेजारपाजारची. चालतानाचा पाय उचललेला दिसावा म्हणून तिने लाकडी ठोकळ्यांवर पाऊल टेकून उभे राहायचे. उत्तरेकडच्या सुशिक्षितांना वाटायचे की वर्णभेद हा दक्षिणेतल्या अडाण्यांचा रोग. चित्र छापल्यावर दहा वर्षांनी, सप्टेंबर १९७४ मध्ये, न्यायालयाच्या हुकमावरून काळ्या मुलांना गोऱ्या वस्तीतल्या शाळांत नेणाऱ्या बसगाड्यांवर दगड पडले. ते शहर होते बॉस्टन. मॅसाच्युसेट्सची राजधानी, आणि रूबीच्या हेन्रीबाईंचे गाव.

चित्र आज स्टॉकब्रिजच्या नॉर्मन रॉकवेल संग्रहालयात आहे. विल्यम फ्रांट्झ शाळेच्या आवारात २०१४ पासून रूबीचा पुतळा आहे. त्या वस्तीतली गोरी कुटुंबे पुढच्या काळात दुसरीकडे निघून गेली, २००५ च्या कॅटरिना वादळात इमारतीची पडझड झाली, दुरुस्तीनंतर तिथे दुसऱ्या नावाने शाळा सुरू झाली. त्या शाळेत शिकणारी जवळजवळ सगळी मुले काळी आहेत.